लहान राष्ट्राची वकिलात
(वार्षिक संमेलनातील भाषण)



वकिलात म्हटली की भव्य इमारत, मेजवान्या आणि मोटारी एवढेच चित्र बहुधा आपल्या डोळ्यांपुढे येते. मोठ्या राष्ट्रांस ते शोभतेही. परंतु ज्याची लोकसंख्या आपल्या एखाद्या जिल्ह्याएवढी, अशा राष्ट्राने दूरच्या राजधानीत हा खर्च कशासाठी करावा? लिथुआनियाच्या वॉशिंग्टन येथील वकिलातीने या प्रश्नाचे जे उत्तर दिले, ते आज आपणांपुढे ठेवण्याचा आमचा मानस आहे.

बाल्टिक समुद्राकाठच्या या देशाने १९१८ साली स्वातंत्र्य घोषित केले आणि १९२४ साली वॉशिंग्टनमध्ये वकिलातीसाठी घर विकत घेतले. जून १९४० मध्ये सोव्हिएत सैन्य देशात शिरले. ऑगस्टमध्ये तो सोव्हिएत संघात विलीन झाल्याचे जाहीर झाले. नव्या सत्तेने परदेशांतील वकिलाती मागितल्या. कित्येक राजधान्यांतील घरे तिच्या हाती गेलीही. वॉशिंग्टनमधील वकील पोविलास झादेइकिस यांनी मात्र ताबा देण्याचे साफ नाकारले. अमेरिकेनेही २३ जुलै १९४० रोजी निवेदन काढून बाल्टिक राष्ट्रांचे स्वातंत्र्य हिरावले जात असल्याचा निषेध केला आणि हे विलीनीकरण कधीही मान्य केले नाही.

त्या वकिलाची स्थिती आपण क्षणभर मनात आणावी. मागे सरकार नाही, मायदेशाहून आज्ञा नाही, परतीची वाट नाही. अमेरिकेने गोठवून ठेविलेल्या लिथुआनियाच्या निधीतून खर्च चाले. १९८० च्या सुमारास तोही आटला, तेव्हा शेजारी लॅटव्हियाच्या तशाच निधीतून कर्जाऊ साहाय्य मिळाले. संकटातील शेजाऱ्याने संकटातील शेजाऱ्यास हात दिला!

आणि काम कोणते? देशोधडीस लागलेल्या बांधवांना पारपत्रे देणे, दाखले देणे, १६ फेब्रुवारीस स्वातंत्र्यदिन पाळणे. झादेइकिस १९५७ साली कालवश झाले. त्यांच्यामागून कायेत्सकास, बाच्किस आणि लोझोराइटिस यांनी ती धुरा क्रमाने वाहिली. आम्ही वर्गात भूगोल शिकवीत होतो, त्या काळी भिंतीवरील नकाशात सारा सोव्हिएत संघ एकाच रंगाचा असे. लिथुआनियाची स्वतंत्र सीमा त्यात दिसत नसे. पण वॉशिंग्टनमधील राजदूतांच्या अधिकृत यादीत तिचे नाव वर्षानुवर्षे कायम होते.

स्वातंत्र्य परत मिळविले ते देशातील जनतेने, हे विसरता कामा नये. ११ मार्च १९९० रोजी ते पुन्हा घोषित झाले. जानेवारी १९९१ मध्ये विल्नियस येथे नि:शस्त्र नागरिकांनी रणगाड्यांपुढे प्राण दिले. परंतु २ सप्टेंबर १९९१ रोजी अमेरिकेने राजनैतिक संबंध पूर्ववत् करण्याची घोषणा केली, तेव्हा नवे राष्ट्र जन्मास आले असे कोणास म्हणावे लागले नाही. जुनेच राष्ट्र आपल्या घरी परतले होते. एकावन्न वर्षे त्याच्या नावाचा दरवाजा उघडा होता, म्हणूनच हे साधले.

लहान राष्ट्राच्या वकिलातीचे खरे कार्य हेच होय. तिच्यापाशी सैन्य नसते, संपत्ती नसते. आपल्या हक्काची नोंद पुसू न देणे एवढेच तिच्या हाती असते. ते काम निष्ठेने झाले, तर सामर्थ्यवान सत्तेसही त्या नोंदीपुढे एक दिवस थांबावे लागते.