काढा खुशाल घ्या, पण आधी रक्त तपासा
(देवरी येथील बैठकीत केलेले भाषण)



घरच्या औषधांवर तुम्हाला मी काय नवीन सांगणार? खोकल्याला तुळस, आलं, अडुळसा आपण उकळतोच. खुशाल उकळा. फक्त वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवू नका, सासूबाई म्हणाल्या तरी.

जुलाब लागले तर 1 लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात 6 सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून घोट घोट पाजा. आशाताईकडची ओआरएसची पुडी असेल तर तीच बरी. बाळाचं अंगावरचं दूध बंद करू नका.

आता तापाचं. ताप आला की आपला भुईनिमाचा काढा ठरलेला. पण आपला भाग जंगलाचा, इथं मलेरिया आहे. हा ताप थंडी वाजून चढतो, घाम येऊन उतरतो आणि पुन्हा चढतो. मधे उतरला की आपण म्हणतो, काढ्यानं गुण आला! त्यातच दोन-तीन दिवस जातात. फाल्सिपेरम जातीचा मलेरिया असला तर तो मेंदूवर जातो, लेकरू बेशुद्ध पडतं. गरोदर बाईलाही मोठा धोका.

म्हणून ताप आला त्याच दिवशी आशाताईला बोलवा. बोटातून थेंबभर रक्त, 15-20 मिनिटांत निकाल, पैसे लागत नाहीत. मलेरिया निघाला तर गोळ्या पूर्ण संपवा, बरं वाटलं म्हणून अर्ध्या डब्यात ठेवू नका.

यापुढं बैठकीत बचतीची वही उघडायच्या आधी विचारू, कोणाच्या घरी ताप आहे का?