ओझोनची झीज आणि भरपाई

जुन्या फ्रीजमध्ये आणि स्प्रेच्या डब्यांत सीएफसी (क्लोरोफ्लुरोकार्बन) वायू असत. विषारी नाहीत, पेट घेत नाहीत, म्हणून सगळे निर्धास्त होते. १९७४ साली मारिओ मोलिना आणि शेरवूड रोलँड यांनी त्यांतला धोका दाखवला. हे वायू पावसात धुऊन जात नाहीत. वर्षानुवर्षं टिकून थेट स्थितांबरात पोचतात. तिथे अतिनील किरणांनी त्यांचा रेणू फुटतो आणि क्लोरीनचा अणू सुटतो. हा अणू तिथल्या ओझोनमधला एक ऑक्सिजन हिसकावतो, तो दुसऱ्या ऑक्सिजन अणूला देऊन पुन्हा मोकळा होतो आणि पुढच्या ओझोनवर जातो. असा एकच अणू हजारो रेणू संपवतो!

१९८५ मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञांनी अंटार्क्टिकावरची ओझोनची घट जाहीर केली आणि १६ सप्टेंबर १९८७ रोजी सीएफसीसारख्या वायूंना आळा घालणारा माँट्रियल करार झाला. जगानं इतकी तत्परता क्वचितच दाखवली आहे. भारत १९९२ मध्ये त्यात सामील झाला.

सीएफसीच्या जागी आलेले एचएफसी (हायड्रोफ्लुरोकार्बन) वायू ओझोनला सुरक्षित, पण उष्णता फार धरून ठेवतात. ते कमी करण्याचं २०१६ साली रवांडातल्या किगालीत ठरलं. नवा फ्रीज घेताना मागच्या पट्टीवर ‘आर-६००ए’ लिहिलेलं आहे का, जरूर पाहा. तो आयसोब्युटेन, त्यानं ओझोनची हानी होत नाही आणि तापमानवाढीतही त्याचा वाटा नगण्य असतो.