टपालालाही वापसा असतो
(जिल्हा मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



आधी एक हिशेब करू. या मेळाव्याचे पत्र आम्ही दसऱ्यानंतर लगेच टपालात टाकले होते. ज्यांना ते दिवाळीच्या आधी मिळाले त्यांनी हात वर करा. बरे. दिवाळी झाल्यावर मिळाले त्यांनी करा. आणि अजून मिळालेच नाही, असे किती? पाहा, हेच हात सगळ्यांत जास्त आहेत. म्हणजे आज मंडप भरला तो टपालामुळे नव्हे. कुणाला शेजाऱ्याने सांगितले, कुणाला फोन गेला, कुणाची एसटीत गाठ पडली, म्हणून आपण जमलो.

तुम्ही हसलात. आम्हीही हसलो असतो. पण मेळाव्याचे पत्र चुकले तर एक भाषण चुकते, फार नुकसान नाही. चुकू नये अशी पत्रेही याच थैलीतून येतात. त्यांच्याविषयी आज बोलायचे आहे.

कुणी म्हणेल, कापसाच्या भावाचे बोला, पीकविम्याचे बोला, हे टपालाचे काय काढले? खिशात फोन असताना पत्राची वाट कोण पाहतो? प्रश्न बरोबर आहे. खुशालीचे पत्र आता कुणी लिहीत नाही. तारसेवाही 15 जुलै 2013 पासून बंद झाली. पण मोजणीची नोटीस, फेरफाराची नोटीस, बँकेची नोटीस, कोर्टाचा कागद, एटीएम कार्ड, पोराच्या नोकरीचे बोलावणे हे आजही पाकिटातूनच येते. प्रेमाचा मजकूर फोनवर गेला आणि टपालात राहिला तो मुदतीचा कागद.

आम्ही शेतकी शाळेत शिकलो, म्हणून शेतीचेच उदाहरण देतो. साल संपल्यावर पावसाचा आकडा निघतो. सरासरीइतका पाऊस पडला, असे तो सांगतो. पण पेरणीच्या वेळी बावीस दिवसांचा खंड पडला आणि बोंडे फुटल्यावर तीन दिवस झड लागली, हे त्या आकड्यात दिसत नाही. कोरडवाहू शेतकऱ्याला पाऊस किती पडला यापेक्षा केव्हा पडला हे महत्त्वाचे. वापसा गेल्यावर तिफण काढून उपयोग नसतो. टपालाचेही तसेच आहे. पत्र पोचले, हरवले नाही, असे खाते सांगेल. खरेही असेल. पण मुदत गेल्यावर पोचलेले पत्र म्हणजे वापसा गेल्यावरची पेरणी.

आणि हा उशीर नेमका केव्हा होतो? दसरा ते दिवाळी. शहरातून पार्सलांचा लोट येतो, मध्ये सुट्ट्या येतात, माणसे रजेवर जातात. आपल्याकडे त्याच वेळी काय चालू असते? सीतादही करून कापसाचा पहिला वेचा सुरू होतो. खरिपाची ज्वारी सोंगायला येते. मराठवाड्यात रब्बी ज्वारीची पेरणी आटोपून ऊसतोडीची बिऱ्हाडे निघायच्या तयारीत असतात. घराला कुलूप आणि अख्खे घर रानात. त्या दिवसांत पोस्टमन आलाच तर त्याला भेटते ते कुलूप.

एक गोष्ट सांगतो. 2022 सालच्या दिवाळीतली. गावाचे नाव घेत नाही, डाकघराचेही नाही, कारण पाकीट नेमके कुठे अडकले हे शेवटपर्यंत कळले नाही. आमच्या एका सोबत्याच्या शेजाऱ्याने मोजणी मागितली होती. मोजणीची तारीख पडली 31 ऑक्टोबर. नोटिशीच्या पाकिटावर टपालात टाकल्याचा शिक्का 13 ऑक्टोबरचा. अठरा दिवस हातात होते. तालुक्यापासून गाव बावीस किलोमीटर. पायी निघालेला माणूसही एका दिवसात पोचला असता. पाकीट हातात पडले 4 नोव्हेंबरला.

तोवर मोजणी होऊन गेली होती. कागदावर शेरा होता, नोटीस देऊनही गैरहजर. ज्वारी सोंगून रान मोकळे होते, मोजणीला अडचण काहीच आली नाही. धुरा पाच फूट आत सरकला. सहाशे साठ फूट लांबीच्या धुऱ्यावर पाच फूट म्हणजे तीन गुंठे. आमचा सोबती धावत गेला. उत्तर मिळाले, निमताना मोजणीचा अर्ज करा, फी भरा. उशीर टपालाचा, फी शेतकऱ्याची. तीन गुंठ्यांसाठी त्याने वर्षभर तालुक्याच्या चकरा मारल्या. आणि ज्या शेजाऱ्याच्या विहिरीवर त्याची पोरे पोहायला शिकली, त्या घराशी बोलणे बंद झाले, ते आजपर्यंत बंद आहे. त्या शेजाऱ्याचा दोष काय? त्यालाही वाटले, हा मुद्दाम आला नाही.

आता कायदा काय म्हणतो ते नीट ऐका. 1897 सालच्या जनरल क्लॉजेस अ‍ॅक्टचे कलम 27 असे आहे की, बरोबर पत्ता घालून, पैसे भरून रजिस्टर टपालाने कागद पाठवला की तो नेहमीच्या ओघात ज्या वेळी पोचायला हवा त्या वेळी पोचला असे धरायचे. उलट सिद्ध होईपर्यंत. ‘घराला कुलूप’ असा शेरा मारून परत गेलेली नोटीससुद्धा बजावली गेली असे मानता येते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांत आले आहे. म्हणजे आपण रानात कापूस वेचत होतो आणि कायद्याने आपण घरी बसून पत्र वाचले!

दुसरा कायदा टपालाचा. इंग्रजाच्या 1898 च्या कायद्यात कलम 6 होते. पत्र हरवले, चुकले, उशिरा पोचले, तरी सरकार जबाबदार नाही, असे ते सांगत होते. इंग्रज गेला, कलम राहिले. तो कायदा रद्द होऊन नवा टपाल कायदा 2023 साली झाला आणि 18 जून 2024 पासून लागू झाला. त्याचे कलम 10 काय म्हणते? नियमांनी जेवढी ठरवून दिली तेवढी सोडून टपाल खात्यावर कोणतीही जबाबदारी नाही. स्पीड पोस्टला उशीर झाला तर भरपाई म्हणून टपालखर्च परत, तोही पाठवणाऱ्याला, हीच वर्षानुवर्षांची रीत. ज्याचा धुरा सरकला त्याला काय? काही नाही.

हे दोन कायदे शेजारी ठेवून वाचा. एक म्हणतो, पत्र वेळेवर पोचले असे धरा. दुसरा म्हणतो, वेळेवर पोचले नाही तर आम्हाला विचारू नका. या दोघांच्या मधल्या फटीत शेतकरी उभा आहे. आमचे भांडण या फटीशी आहे.

भांडण पोस्टमनशी नाही, हे स्पष्ट सांगतो. देशात 1 लाख 64 हजारांवर डाकघरे आहेत आणि दहापैकी नऊ खेड्यांत आहेत. खेड्यातले शाखा डाकघर चालवतो तो ग्रामीण डाकसेवक. त्याला चार किंवा पाच तासांचा नोकर धरतात. 2018 च्या रचनेत चार तासांच्या कामाला मूळ मोबदला ठरला तो शाखा पोस्टमास्तराला 12 हजार आणि डाकसेवकाला 10 हजार, महागाई भत्ता वेगळा. डाकघराची जागाही पोस्टमास्तरानेच पाहायची. चार तासांत थैली फोडायची, बचत खात्याचे पैसे घ्यायचे-द्यायचे, मग गाव, तांडा, पोड फिरायचे. दिवाळीत पाकिटे वाढतात. तास तेवढेच राहतात. मे 2018 मध्ये आणि पुन्हा डिसेंबर 2023 मध्ये या डाकसेवकांनी देशभर संप केला. तेव्हा आपल्यापैकी किती जण त्यांच्यासोबत बसले? आम्हीही बसलो नाही. ती आमची चूक होती.

कुणाला वाटेल, बाहेरच्या देशात हे सगळे सुरळीत असेल. तिकडची गत ऐका. इंग्लंडात रॉयल मेल नावाची टपाल कंपनी आहे आणि तिच्यावर ऑफकॉम नावाची देखरेख करणारी संस्था आहे. पहिल्या वर्गाची शंभरातली 93 पत्रे दुसऱ्या कामाच्या दिवशी पोचली पाहिजेत, असा दंडक होता. 2024-25 मध्ये 77 पोचली. ऑक्टोबर 2025 मध्ये त्या कंपनीला 2 कोटी 10 लाख पौंड दंड झाला. त्याच्या आदल्या वर्षीही दंड झाला होता. म्हणजे पत्रे तिथेही रखडतात. फरक एवढाच की तिथे उशीर मोजतात आणि मोजलेल्याचा दंड करतात. पण गंमत पाहा, या मोजणीतून नाताळचे दिवस वगळलेले असतात! ज्या दिवसांत लोक पत्राची सर्वांत जास्त वाट पाहतात, तेच दिवस हिशेबाबाहेर.

यातून आम्ही एकच धडा घेतला. सणाचा उशीर दुसरा कुणी आपल्यासाठी मोजणार नाही. तो आपणच मोजला पाहिजे.

म्हणून चार कामे सांगतो.

पहिले, पाकीट फेकू नका. आपण आतला कागद जपतो आणि पाकीट चुलीत घालतो. पाकिटावर टाकल्याच्या तारखेचा शिक्का असतो. ‘उलट सिद्ध होईपर्यंत’ असे कायदा म्हणतो ना? सिद्ध करायला हाच पुरावा. हातात पडले त्या दिवसाची तारीख पाकिटावर लिहा, देणाऱ्याची सही मागा. पोहोचपावतीवर सही करताना त्या दिवसाची तारीख स्वतःच्या हाताने घाला.

दुसरे, पत्ता दुरुस्त करा. पिनकोड 15 ऑगस्ट 1972 ला सुरू झाला. तो बसवला श्रीराम भिकाजी वेलणकर या आपल्या मराठी माणसाने. सहा आकड्यांतले पहिले तीन पत्राला वाटणीच्या जिल्ह्यापर्यंत आणतात, शेवटचे तीन वाटपाच्या डाकघरापर्यंत. पुढे शाखा डाकघरांना वेगळा आकडा नसतो, एकाच पिनकोडात अनेक गावे येतात. त्यात दोन वडगाव आणि तीन पिंपळगाव असले की पत्र फिरत बसते. म्हणून बँकेत, तलाठ्याकडे, आधारवर पत्ता देताना गावासोबत शाखा डाकघराचे नाव लिहाच.

तिसरे, पानठेल्यावर टपाल ठेवायची सवय मोडा. पोस्टमन तिथे पत्रे ठेवून जातो कारण आपणच त्याला तसे सांगितलेले असते. वेचणीच्या दिवसांत आळीपाळीने एकाने गावात थांबून सगळ्यांचे टपाल घ्यावे. सही लागते ते पाकीट डाकघरात सात दिवस थांबते. कुणाचे आले ते कळले तर संध्याकाळी निरोप देता येतो.

चौथे, गावोगावी टपाल वही ठेवा. दसऱ्यापासून तुळशीच्या लग्नापर्यंत आलेल्या प्रत्येक पाकिटाच्या तीन नोंदी करा: टाकल्याची तारीख, मिळाल्याची तारीख आणि कागद कसला. शाळेतली पोर लिहील. आपण पर्जन्यमापक वाचायला शिकलो तसेच हे. या वह्या घेऊन आपण डाक अदालतीत जाऊ. तिथे ‘टपाल उशिरा येते हो’ म्हटले तर साहेब मान हलवतात. तारखा टेबलावर ठेवल्या तर त्यांना उत्तर द्यावे लागते.

आणि मागण्या तीन. सणाच्या दिवसांत तालुक्याला आणि शाखा डाकघरांना जादा माणसे आणि डाकसेवकाला जादा तासांचा जादा मोबदला द्या. जमिनीच्या कोणत्याही नोटिशीची मुदत पाकीट प्रत्यक्ष हातात पडल्याच्या तारखेपासून मोजा. फेरफारावर हरकत घ्यायला पंधरा दिवस मिळतात, त्यातले बारा थैलीत जाऊ नयेत. तिसरी, कलम 10 मध्ये नियमांनी जबाबदारी ठरवण्याची वाट ठेवलेलीच आहे. कायदा बदलायचीही गरज नाही. उशिराने ज्याचे नुकसान झाले त्या पत्र घेणाऱ्याची भरपाई त्या नियमांत लिहा.

भावांनो, मायबहिणींनो, पाऊस वेळेवर पडावा म्हणून आपण मोर्चा काढू शकत नाही. टपाल माणसांनी चालवलेले आहे, त्याचा खंड माणसांना भरून काढता येतो. पुढच्या मेळाव्याचे पत्र आम्ही टपालानेच पाठवणार आहोत, फोन करणार नाही. येताना ते पत्र पाकिटासकट आणा. त्यावर तुमच्या हाताने तारीख लिहिलेली असू द्या. त्या दिवशी हात वर करायला सांगणार नाही, पाकिटे मोजू.