ज्याचं पत्र, त्याच्याच हाती

वेरूळच्या कैलास लेण्याची एक जुनी स्तुती प्रसिद्ध आहे. एलापुरातलं, म्हणजे वेरूळचं, हे मंदिर पाहून आकाशमार्गानं जाणारे देव थक्क झाले आणि ते घडवणारा शिल्पीसुद्धा, हे आपल्या हातून झालं तरी कसं, म्हणून चकित झाला, असा तिचा आशय. ही स्तुती सापडली ती वेरूळला नव्हे, तर बडोद्याला, एका ताम्रपटात. शके ७३४ चा, म्हणजे इ.स. ८१२-१३ चा तो पट. राष्ट्रकूटांच्या गुजरात शाखेतल्या कर्क सुवर्णवर्षानं वडपद्रक हे गाव भानु नावाच्या ब्राह्मणाला दान दिलं, त्याचा तो दस्तऐवज. वडपद्रक म्हणजे आजचं बडोदा. कैलासाचं वर्णन त्यात येतं ते दानकर्त्याच्या पूर्वजांची थोरवी सांगताना, कृष्णराजाच्या नावाखाली.

राष्ट्रकूटांचे ताम्रपट एकापुढे एक ठेवून वाचले की त्यांची घडण लक्षात येते. आरंभीचं मंगल, वंशावळ, एकेका राजाची स्तुती, आणि शेवटी दान मोडणाऱ्याला शाप देणारे श्लोक हा मजकूर बराचसा ठरलेला. एका पटावरचे श्लोक दुसऱ्यावर जसेच्या तसे उतरलेले दिसतात. बदलतो तो मधला भाग: दान कुणाला, त्याचं गोत्र काय, गाव कोणतं, चतुःसीमा कोणत्या, तिथी कोणती. बडोद्याच्या पटात पश्चिमेची हद्द अंकोट्टक म्हणून दिली आहे, म्हणजे आजचं अकोटा. खुद्द वेरूळला मिळालेला राष्ट्रकूट राजा दंतिदुर्गाचा ताम्रपट याहून जुना, शके ६६३ चा. त्यात दिलेलं गाव पिप्पलाल. गाव निराळं, घेणारेही निराळे. घेणाऱ्याचा सगळा हक्क त्या चार-सहा ओळींवर उभा होता. नाव चुकलं, शीव चुकली, तर बाकीच्या सुंदर श्लोकांचा त्याला काय उपयोग?

आज हेच काम आपल्या तालुक्यातल्या शाळा, महाविद्यालयं, पतसंस्था आणि शेतकरी उत्पादक कंपन्या संगणकावर करतात. पत्राचा मसुदा एक, पण जायचं चारशे जणांना. प्रत्येकाच्या पत्रात त्याचं नाव, आणि सोबत त्याचाच कागद: कुणाचं गुणपत्रक, कुणाचा खातेउतारा, कुणाचं प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र. मसुद्यात नाव भरण्याचं काम वर्डमधलं मेल मर्ज सहज करतं. पण प्रत्येकाला वेगळी फाइल जोडायची सोय त्यात मुळात नाही. त्यासाठी एखादं जोड-सॉफ्टवेअर किंवा छोटी स्क्रिप्ट लागते. ती एक्सेलच्या यादीतली एकेक ओळ वाचते, त्या ओळीतलं नाव मसुद्यात घालते, त्याच ओळीत लिहिलेली पीडीएफ उचलते आणि पाठवते. साध्या जीमेल खात्यातून दिवसाला ५०० जणांपर्यंतच मेल जाते आणि जोडपत्रं २५ एमबीच्या आत असावी लागतात, एवढं ध्यानात ठेवलं की पाठवण्याचा भाग अवघड नाही.

अवघड आहे ती यादी, आणि तिच्याकडेच कुणी नीट पाहत नाही.

समजा, यादीत आडनावानुसार क्रम लावायचा आहे. घाईत फक्त नावाचा रकाना निवडला आणि क्रम लावला. नावं हलली, ई-मेल आणि फाइलचे रकाने जागच्या जागी राहिले. पडद्यावर यादी अगदी नीटनेटकी दिसते. बटण दाबलं की एकीचं गुणपत्रक दुसरीच्या घरी जातं. किंवा फाइलींना नुसती नावं दिलेली असतात, आणि एकाच वर्गात दोन सविता जाधव निघतात. दुसरीची फाइल पहिलीवर चढते, आणि दोघींना एकीचाच कागद मिळतो. म्हणून फाइलीला नोंदणी क्रमांकाचं नाव द्यावं, आणि तो क्रमांक कागदावरही छापलेला असावा, म्हणजे पडताळता येतो. तिसरी गोष्ट आपल्या लिपीची. जुन्या याद्या श्री-लिपीसारख्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या असतात. युनिकोडमध्ये बदलून न घेता त्या मेलमध्ये घातल्या, तर मुलीच्या नावाच्या जागी रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा नुसता खिचडा येतो. आयुष्यातलं पहिलं प्रमाणपत्र हातात घेणाऱ्या मुलीला ते तसं मिळू नये, असं मला मनापासून वाटतं.

त्या कागदावर जन्मतारीख असते, जात असते, खाते क्रमांक असतो. २०२३ साली आपल्याकडे डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला, तो याच माहितीसाठी. पण कायदा नसता तरी दुसऱ्याचा कागद तिसऱ्याच्या हाती देणं गैरच. ताम्रपट कोरताना चूक झाली, तर कोरणारा ती अक्षरं ठोकून सपाट करी आणि त्यावर पुन्हा कोरी. तशा खुणा काही पटांवर आजही दिसतात. पोचलेली मेल ठोकून सपाट करता येत नाही. तेव्हा पहिली खेप स्वतःच्याच पत्त्यावर पाठवा. यादीतल्या सुरुवातीच्या, मधल्या आणि शेवटच्या काही ओळी घ्या, जोडलेली फाइल उघडा, नाव आणि क्रमांक मोठ्यानं वाचा. समोर बसलेल्यानं यादीशी ताडून पाहावं. मग पंचवीस जणांना पाठवा. मग बाकीच्यांना.

आणि ई-मेलच्या रकान्यात नेमकं काय लिहिलंय, तेही बघा. गावाकडं फॉर्म भरून देतो तो नेटकॅफेवाला. अर्जदार बाईंचा ई-मेल नसतो, म्हणून तो स्वतःचा टाकतो. यादीत एकच पत्ता दहा-बारा नावांपुढं दिसला, तर समजावं की ही दहा-बारा पत्रं त्यांच्या मालकिणींना मिळणार नाहीत. ती दुकानातल्या संगणकात पडून राहतील, येणारा-जाणारा कुणीही ती पाहील. एक्सेलमध्ये असे दुबार पत्ते एका मिनिटात रंगवून वेगळे काढता येतात. त्या नावांना बटणाच्या रांगेत घालूच नका. त्यांची पीडीएफ छापा, पाकिटावर नाव घाला आणि शाळेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या कचेरीत सही घेऊन द्या. पत्राखाली 'यावर उत्तर पाठवू नये' असं लिहिण्याऐवजी एका माणसाचं नाव आणि फोन क्रमांक द्या. ताम्रपटातसुद्धा लिहिणाऱ्याचं नाव असे, आणि राजाज्ञा पोचवणाऱ्या दूतकाचंही असे. कागद चुकला, तर विचारायचं कुणाला, हे घेणाऱ्याला ठाऊक हवं.