सकाळी आखडणारा गुडघा



मी आयटीतली आणि बोलणार आहे आजारावर. आपले डॉक्टर मित्र पुढच्याच रांगेत बसलेत. चुकलं तर तिथूनच टोका.

माझी भाची सांगलीची. पाच वर्षांची असताना सकाळी उठली की तिचा गुडघा आखडलेला असायचा. जिना बसून उतरायची. दहा वाजले की अंगणात पळायला मोकळी! शाळा बुडवायचं नाटक, असं आम्हीच म्हणालो. मग ‘वाढीचं दुखणं’ म्हणून कॅल्शियम झालं. पुढे रक्तात एएसओ वाढलेला दिसला, म्हणून रूमॅटिक फीवर ठरवून दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन. एएसओ वाढला म्हणजे घशाला जंतुसंसर्ग होऊन गेला, एवढंच. त्या तापात दुखणं एका सांध्यातून दुसऱ्यात फिरतं. एकच गुडघा महिनोन्‌महिने सुजलेला राहत नाही. हे आम्हाला आठ महिन्यांनी मुंबईत कळलं, महालक्ष्मी एक्स्प्रेसनं रात्रभर जाऊन. निदान झालं जेआयए, म्हणजे लहान मुलांचा संधिवात.

मिरजेत वॉन्लेस साहेबांनी १८९४ साली दवाखाना काढला, तेव्हापासून आपल्याकडे डॉक्टरांची वानवा नाही. वानवा या विषयाच्या तज्ज्ञांची. एमबीबीएस, एमडी आणि वर तीन वर्षांचं डीएम. तेही चंडीगडच्या पीजीआयसारख्या मोजक्या ठिकाणी. उद्या साताऱ्यातली एखादी मुलगी तिकडे गेली, तरी परत यायला दहा-बारा वर्षं.

मला आधी ॲप सुचलं. आमच्या जातीला दुसरं काय सुचणार! पण ॲपला गुडघा दाबून बघता येत नाही.

निदानानंतर मात्र मुंबईची गरज वर्षातून दोन-तीनदाच लागली. मेथोट्रेक्सेटची गोळी आठवड्यातून एकदाच असते (रोज दिली तर घातक), तिच्यासाठीच्या रक्ततपासण्या सांगलीत झाल्या. डोळेही तिथंच तपासले. या आजारात डोळा आतून सुजतो, पण लाल होत नाही, दुखत नाही आणि नजर जाऊ शकते. म्हणून स्लिट लॅम्पची तपासणी ठरल्या वेळी लागतेच.

तेव्हा शिक्षक मंडळींना विनंती, प्रार्थनेला लंगडणारं मूल पीटीच्या तासाला नीट पळालं, तरी पालकांना बोलवा. सांधा सहा आठवड्यांहून जास्त सुजलेला असेल, तर तज्ज्ञांना दाखवायला सांगा. आणि डॉक्टर मित्रांनो, महिन्यातून एक दिवस तुमच्या दवाखान्यात अशी मुलं बघा आणि व्हिडिओवर मुंबई-पुण्याचे तज्ज्ञ जोडून घ्या. जोडणी आणि नोंदी माझ्याकडे. साताऱ्यात एकीनं हो म्हटलंय. सांगलीचे दोघं अजून ‘बघू’ म्हणताहेत, त्यांना मी चहाच्या वेळी गाठणार आहे.