शाईच्या चित्रात उजेड सोडावा लागतो
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



संयोजकांनी मला ‘परदेशातले अनुभव’ या विषयावर दहा मिनिटं बोलायला सांगितलंय. व्हिसा, बर्फ आणि तिकडे मिळणारी भाजी यांवर तुम्ही आपल्या ग्रुपवर भरपूर वाचलं आहे. म्हणून आज मी तुम्हाला भुताची गोष्ट सांगणार आहे. ती मीच लिहिली, मीच काढली आणि बरोबर ३१ दिवसांत पुरी केली. चित्रकलेच्या सरांना काळजी वाटायला नको. भूत अगदी लहान आहे.

आधी ३१ दिवसांचं सांगते. जेक पार्कर नावाचा एक अमेरिकन चित्रकार आहे. आपला शाईतला हात सुधारावा आणि रोज चित्र काढायची सवय लागावी, म्हणून त्याने २००९ साली स्वतःपुरता एक नेम धरला. ऑक्टोबर महिन्यात रोज शाईने एक चित्र काढायचं आणि ते लोकांना दाखवायचं. इंक आणि ऑक्टोबर मिळून त्याला ‘इंकटोबर’ म्हणतात. हळूहळू जगभरचे लोक त्यात सामील झाले. २०१६ पासून दर वर्षी ३१ शब्दांची एक यादी निघू लागली, तारखेला एक शब्द. यात बक्षीस नाही की परीक्षक नाही. आपल्याकडे चातुर्मासात नेम धरतात ना, तसलाच हा प्रकार. मोडला तर कुणी रागावत नाही, पण आपल्यालाच चैन पडत नाही.

ऑक्टोबरचा शेवटचा दिवस म्हणजे ३१ तारीख, हॅलोविन. आपल्याकडे आता मॉलमध्ये त्याची सजावट दिसते, म्हणून थोडं मूळ सांगते. आयर्लंड आणि स्कॉटलंडमधले केल्टिक लोक सुगी संपून हिवाळा सुरू होताना ‘साविन’ नावाचा सण पाळत. या रात्री मेलेल्यांचं जग आणि आपलं जग यांच्यातला पडदा विरळ होतो, अशी समजूत होती. पुढे ख्रिस्ती धर्मात १ नोव्हेंबर हा सर्व संतांचा दिवस ठरला आणि त्याची आदली संध्याकाळ ती हॅलोविन. तिकडे सलगमचा कंद कोरून त्यात दिवा ठेवत. एकोणिसाव्या शतकात आयरिश लोक मोठ्या संख्येने अमेरिकेत आले. तिथे भोपळा सहज मिळत होता आणि कोरायलाही सोपा. सलगम मागे पडला.

आज त्या संध्याकाळी मुलं सोंगं घेऊन दारोदार फिरतात आणि गोळ्या-चॉकलेटं गोळा करतात. पण कुठल्याही दाराशी जात नाहीत. तिथे एक न लिहिलेला नियम आहे. ओसरीवरचा दिवा लावलेला असेल तर या, बंद असेल तर पुढे जा. माझी गोष्ट या नियमातून निघाली.

मी हडसन नदीच्या खोऱ्यात राहते, न्यूयॉर्क शहराच्या उत्तरेला. भुतांच्या बाबतीत हा भाग चांगला पिकलेला आहे. वॉशिंग्टन अर्व्हिंगने १८२० साली बिनडोक्याच्या घोडेस्वाराची जी प्रसिद्ध कथा लिहिली, ती याच खोऱ्यातल्या स्लीपी हॉलोची. कथेचा लौकिक इतका, की नॉर्थ टॅरीटाउन नावाच्या तिथल्या गावाने १९९६ साली आपलं नाव बदलून स्लीपी हॉलो असंच ठेवलं. आपल्याकडे वेताळाचं देऊळ असतं, तिकडे अख्खं गावच भुताच्या गोष्टीच्या नावाचं.

आमच्या समोरच्या घरात एक आजी राहत. त्यांच्या ओसरीवर लाकडी झोपाळा होता. तो बघून मला आजोळची आठवण व्हायची. दर हॅलोविनला त्या झोपाळ्यावर गोळ्यांचं भांडं मांडीवर घेऊन बसत आणि प्रत्येक पोराला ‘तू कोण?’ असं खरोखर न ओळखल्यासारखं विचारत. २०१९च्या उन्हाळ्यात त्यांना खरोखरच ओळखेनासं झालं. स्मृतिभ्रंश वाढला, आणि सप्टेंबरमध्ये मुलाने त्यांना जवळच्या शुश्रूषा केंद्रात ठेवलं. घर बंद झालं.

आमच्या शेजारी एक सात वर्षांचा मुलगा आहे, म्हणजे तेव्हा सातचा होता. तो एकदा माझ्या अंगणात उभा राहून त्या घराकडे बघत होता. मला म्हणाला, यंदा तिथला दिवा लागणार नाही, मग कुणीच जाणार नाही, मग घराला वाटणार नाही का, की आपल्याला सगळे विसरले? यावर मोठ्या माणसांकडे काय उत्तर असतं? मी त्याला म्हटलं, थांब, मी त्याची गोष्ट काढते.

आधीच्या वर्षी मी ३१ सुटी चित्रं काढली होती. मासा, किल्ला, घुबड, जे सुचेल ते. या वेळी ३१ चित्रांची मिळून एकच गोष्ट करायची ठरवली. पोस्टकार्डाएवढा जाड कागद, टाक, काळ्या शाईची बाटली, बारीक रेघांसाठी दोन पेनं आणि मोठा काळोख भरायला एक ब्रश. रात्रीची जेवणं आटोपली की पाऊण तास. आधी एका मोठ्या कागदावर ३१ चौकोन आखले आणि प्रत्येकात त्या दिवसाचा शब्द लिहिला. शब्द आपले नव्हेत आणि क्रमही आपला नव्हे. आपल्या बाईंनी निबंधाला मुद्दे द्यावेत आणि त्यातला एकही गाळायचा नाही असं सांगावं, तसं.

पहिला शब्द होता ‘रिंग’. म्हणजे अंगठी, आणि दारावरची घंटा वाजणंही. मी घंटेच्या बटणावर एक छोटं बोट काढलं. बाराव्या दिवसाचा शब्द ‘ड्रॅगन’ होता. शेजारच्या मुलाला त्या वर्षी ड्रॅगनच व्हायचं होतं, म्हणून बोट त्याचं. घंटा वाजते, पण दार उघडत नाही. आत एक लहानसं भूत आहे. त्याला अंधाराची भीती वाटते आणि दिव्याच्या बटणापर्यंत त्याचा हात पोचत नाही. एवढीच गोष्ट. दाराच्या बाहेर ड्रॅगन, आत भूत, आणि दोघं एकमेकांपर्यंत पोचायच्या खटपटीत.

नवव्या दिवशी शब्द आला ‘झोका’. मग वाऱ्याने झोपाळा आपोआप हलला. अकराव्या दिवशी ‘बर्फ’. ऑक्टोबरमध्ये बर्फ कुठून आणणार? म्हणून भुताला मागचा हिवाळा आठवला, आजी फावड्याने वाट मोकळी करताहेत असा. चौदाव्याला ‘माजलेलं रान’, तर अंगणातलं गवत वाढून पायऱ्यांवर आलं. पंधराव्याला ‘दंतकथा’. तेव्हा मात्र स्लीपी हॉलोचा तो बिनडोक्याचा घोडेस्वार रस्त्यावरून गेला, पण दिवा बंद बघून तोही पुढे गेला. नियम तो नियम. बाविसावा शब्द ‘भूत’. त्या दिवशी काहीच जुळवावं लागलं नाही.

आता शाईविषयी थोडं. पेन्सिलची रेघ खोडता येते. शाईची येत नाही. टाकातून थेंब पडला तर त्याचं मांजर करावं लागतं, आणि एकदा मांजर झालं की ते उद्याच्या आणि परवाच्या चित्रातही असावं लागतं. त्यामुळे गोष्ट मागे जात नाही, पुढेच जाते. दुसरं असं, की काळ्या शाईला पांढरं काढता येत नाही. रात्रीचं चित्र असेल तर कुठला कागद कोरा राहणार हे पहिली रेघ मारण्याआधी ठरवावं लागतं. मग त्याच्या कडेकडेने बारीक आडव्या-उभ्या रेघांची जाळी विणत अंधार भरायचा. खिडकीतला उजेड कुणी काढत नाही, तो सोडलेला असतो. माझं भूतही तसंच होतं. त्याला दोन डोळे तेवढे काढले होते. बाकी ते म्हणजे सगळ्या काळ्यात न काढलेली जागा.

पण २५ तारीख आली तरी मला शेवट सापडला नव्हता. भूत कंटाळून मुलांबरोबर निघून जातं असं मी ठरवलं होतं, पण ते त्या मुलाला पटेना. भूत गेलं तर घरात कोण राहणार, हा त्याचा मुद्दा बिनतोड होता.

२६ तारखेला शनिवार होता. तो मुलगा, त्याची आई आणि मी आजींना भेटायला गेलो. पंचवीस चित्रं एका पिशवीत घालून नेली होती. आजींनी आम्हाला ओळखलं नाही. चित्रं मात्र त्यांनी एकेक करून, सावकाश पाहिली. स्वतःचं घर त्यांना ओळखू आलं नाही, झोपाळाही नाही. आपल्या इंटरमिजिएटच्या परीक्षेत स्मरणचित्राचा पेपर असायचा, आठवतं? डोळ्यांपुढे नसलेली वस्तू आठवून काढायची. इथे वस्तू समोर होती आणि आठवणच नव्हती. त्या मुलाचा चेहरा पडला. मग आजींनी पहिलं चित्र पुन्हा हातात घेतलं, घंटेवरचं बोट असलेलं, आणि थोड्या कुरकुरत म्हणाल्या, “या घरच्या माणसांनी दिवा लावायला हवा. मुलं आली आहेत.”

त्या दिवसाचा शब्द होता ‘काळोख’. त्या रात्री मी अख्खं कार्ड काळं केलं आणि मधोमध दिव्याच्या बटणाएवढी जागा सोडली. दुसऱ्या दिवशी रविवारी आपलं लक्ष्मीपूजन होतं. दाराशी पणत्या लावल्या, फराळाचं ताट शेजारी दिलं, आणि मग चित्राला बसले. शब्द ‘कोट’. दारामागच्या खुंटीवर आजींचा जुना कोट टांगलेला आहे आणि भूत त्याच्या बाहीला धरून वर चढतंय, असं काढलं. त्याचा हात बटणापर्यंत पोचला. पुढच्या दिवशी ‘स्वारी’ होती. निघून गेलेली मुलं उजेड बघून सायकली वळवतात. मग ‘जखमी’, ड्रॅगनच्या फाटलेल्या पंखाला पट्टी. मग ‘झेल’, ओसरीवरून फेकलेली गोळी.

शेवटचा शब्द होता ‘राइप’, म्हणजे पिकलेला. इंग्रजीत फळ पिकतं, फार तर धान्य आणि चीज. मराठीत पान पिकतं आणि केसही पिकतात. त्यामुळे हा शब्द मला तिथल्या लोकांपेक्षा जास्त उपयोगी पडला. ३१व्या चित्रात ओसरीवर पिकलेला भोपळा आहे, कोरलेला, आत दिवा लावलेला, आणि झोपाळ्यावर आजी आहेत. बाकी सगळीकडे दाट रेघा. त्यात चारच जागा कोऱ्या आहेत. दिवा, भोपळ्याचं तोंड, भूत आणि आजींचे केस.

गोष्ट कागदावर संपली, पण समोर खरं घर काळोखातच होतं. आजींच्या मुलाला मी फोन करून विचारलं, एका संध्याकाळपुरता दिवा लावू का? ते थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, किल्ली शेजारी आहे, आणि झोपाळ्याची एक साखळी ढिली आहे, जपून बसा. गुरुवारी ३१ तारखेला आम्ही दिवा लावला. मी झोपाळ्यावर बसले, शेजारचा ड्रॅगन पायरीवर. गोळ्यांचं भांडं दोनदा भरावं लागलं. येणाऱ्या प्रत्येक पोराला ‘तू कोण?’ असं तोच विचारत होता.

आजी त्याच हिवाळ्यात गेल्या. पुढे घर विकलं गेलं. आता तिथे दोन लहान मुलींचं कुटुंब राहतं आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या संध्याकाळी दिवा लागतो. त्या मुलींना यातलं काही माहीत नाही, आणि माहीत असायची गरजही नाही.

मित्रमैत्रिणींनो, आपल्यापैकी बरेच जण आता निवृत्तीच्या आसपास आहेत आणि ‘वेळ मिळाला की काहीतरी करायचंय’ असं म्हणताहेत. सकाळपासून मी हे चौघांकडून तरी ऐकलं. माझा अनुभव सांगते. वेळ मिळण्यापेक्षा तारीख मिळणं जास्त उपयोगाचं. एक महिना, रोज एक छोटं काम आणि ते बघायला कुणीतरी एक जण. माझा तो एक जण सात वर्षांचा होता आणि रोज शाळेतून आला की दार वाजवून विचारायचा, आज भुताचं काय झालं? असा माणूस असला की नेम मोडता येत नाही. चित्रच पाहिजे असं नाही. आईच्या हातच्या ३१ पदार्थांची कृती लिहा, गल्लीतल्या ३१ माणसांवर चार-चार ओळी लिहा. शाईने लिहा, म्हणजे मागे जाता येणार नाही.

त्या चित्रांची मी तेव्हा बारा पुस्तकं करवून घेतली होती. साध्या छायाप्रती, मध्ये स्टेपलची पिन. इंग्रजी ओळींखाली हाताने मराठी ओळी लिहिलेली एक प्रत आज आपल्या शाळेच्या ग्रंथालयासाठी आणली आहे. बाई, ती आपल्या हाती देते. पाचवी-सहावीची मुलं वाचतील तर मला आनंद होईल. चित्रकलेच्या सरांना एकच विनंती, जाळीच्या रेघा कुठे वाकड्या गेल्यात ते पेन्सिलने दाखवा. पेन्सिलने म्हणतेय, कारण ती खोडता येते.