चोवीस तासांचा प्रश्न

(नायगाव, दादर पूर्व इथे तरुण पालकांच्या बैठकीत केलेलं भाषण, किंचित संपादित)



मी डॉक्टर नाही, हे आधीच सांगून टाकतो. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. दिवसभर स्क्रीनसमोर बसून इतरांच्या चुका शोधणं हे माझं काम. तरी आयोजकांनी मला लसीवर बोलायला बोलावलं, त्याचं कारण बहुधा हे की गेल्या दोन-तीन वर्षांत नात्यातल्या आणि मोहल्ल्यातल्या बऱ्याच नव्या बापांचे फोन मला आले. फोन साधारण रात्री येतो. "भाईजान, बाळ झालं, माशाल्लाह, दोघंही बरे आहेत. पण सिस्टर म्हणते आत्ताच लस द्यायची. इतकी घाई कशाला? अब्बांना विचारतो, उद्या परवा बघू."

आज याच "घाई कशाला"वर बोलणार आहे.

जन्मानंतर बाळाला तीन लसी देतात. बीसीजी, पोलिओचे थेंब म्हणजे शून्य डोस, आणि हिपॅटायटिस बी म्हणजे कावीळ बी. चौथी एक सुई असते, ती लस नव्हे. ते व्हिटॅमिन के असतं, रक्तस्राव होऊ नये म्हणून. घरचे लोक सगळ्याला "सुया" म्हणतात, म्हणून आकडा मोठा वाटतो आणि भीतीही मोठी होते. यातली बीसीजी पहिल्या वर्षात कधीही देता येते. पोलिओचा शून्य डोस पहिल्या पंधरा दिवसांत. कावीळ बीला मात्र चोवीस तास. घड्याळ लावलंय ते फक्त या एका सुईला.

असं का? हा विषाणू आईच्या रक्तातून बाळंतपणाच्या वेळी बाळाकडे जातो. आईला स्वतःला काही त्रास नसतो, बऱ्याचदा तिला माहीतही नसतं. मोठ्या माणसाला ही लागण झाली तर बहुतेकांचं शरीर तिला हरवतं, शंभरातल्या पाचांपेक्षाही कमी जणांत ती कायमची राहते. नवजात बाळाचं उलट आहे. लागण झालेल्या शंभर बाळांपैकी सुमारे नव्वदांच्या शरीरात ती कायम राहते. बाळ मात्र गुटगुटीत दिसतं, हसतं, रांगतं, शाळेत जातं. चाळिशी-पन्नाशीत यकृत सुकतं किंवा कर्करोग होतो, आणि त्या वेळी कुणाला आठवणारही नाही की एका रात्री वॉर्डात कुणीतरी "उद्या बघू" म्हटलं होतं. लस वेळेत गेली तर विषाणू यकृतात ठाण मांडायच्या आत शरीर तयार होतं. उशिरा दिलेली लस फुकट जात नाही, पण आईकडून आलेल्या लागणीला अडवायची संधी बरीचशी गेलेली असते.

आमच्या धंद्यात याला फार साधं नाव आहे. भोक बुजवायचं ते कुणी आत शिरण्याआधी.

आता भीतीबद्दल बोलू. लसीला नाही म्हणणारा अडाणी, असं म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. भीतीला इतिहास असतो. आपल्या मुंबईत तर तो इथून पायी पंचवीस मिनिटांवर आहे.

नायगावहून परळला गेलात की आचार्य दोंदे मार्गावर एका बाजूला वाडियाचं प्रसूतिगृह लागतं. १९२६ साली गिरणी कामगारांच्या बायकांसाठी ते उभं राहिलं, आणि या सभागृहातले निम्मे लोक तिथेच जन्मले असतील. त्याच रस्त्यावर हाफकिन संस्था आहे. वाल्देमार हाफकिन हा ओडेसाचा ज्यू माणूस. १८९६ साली मुंबईत प्लेग आला तेव्हा त्याला इथे पाठवलं. भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या एका खोलीत त्याने लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी पहिली सुई स्वतःला टोचून घेतली.

लोकांनी काय केलं? ऑक्टोबर १८९६ मध्ये सुमारे हजारभर गिरणी कामगार ऑर्थर रोडच्या इस्पितळावर चालून गेले. ९ मार्च १८९८ रोजी मदनपुऱ्यात दंगल पेटली. विणकरांच्या, म्हणजे आपल्याच लोकांच्या वस्तीत प्लेगचं तपासणी पथक रुग्णाला न्यायला आलं होतं. पथकं घरात घुसायची, बायकांना तपासायची, माणसं उचलून न्यायची. गेलेला माणूस अनेकदा परत यायचा नाही. त्या विणकराच्या जागी मी असतो तर मीही दार लावून घेतलं असतं.

त्याच शहरात, त्याच काळात आगाखान तिसरे, तेव्हा विशीही न ओलांडलेले, लोकांसमोर बसून टोचून घेत होते. खोजा जमातीतल्या हजारो लोकांनी त्यांच्यामागे लस घेतली. हाफकिनच्या प्रयोगशाळेला जागा हवी होती, तर त्यांनी आपली खुशरू लॉज ही इमारत दिली. फरक कुठे पडला बघा. लस तीच होती. एका ठिकाणी शिपाई घेऊन आला, दुसऱ्या ठिकाणी ओळखीच्या माणसाने आपला दंड पुढे केला.

आणखी एक गोष्ट लपवायची नाही. १९०२ साली पंजाबातल्या मलकोवाल गावी हाफकिनची लस घेतलेले १९ लोक धनुर्वाताने मेले. हाफकिनला नोकरीतून दूर केलं. पाच वर्षांनी, १९०७ साली, तो दोषमुक्त ठरला, कारण दूषित झाली होती ती एकच बाटली, आणि तीही गावात उघडताना. त्याच बॅचच्या बाकीच्या बाटल्यांनी कुणाला काही झालं नव्हतं. बग शोधताना आम्ही हेच विचारतो, की बिघाड कोडमध्ये आहे की बसवताना झाला? मलकोवालमध्ये बिघाड बसवताना झाला, आणि त्याची किंमत १९ घरांनी मोजली. आज वॉर्डात प्रत्येक बाळाला नवी सुई आणि वापरली की बाद होणारी सिरिंज असते. असे नियम अशाच घटनांतून आले.

पुढची भीती नसबंदीची. १९७६ साली सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर करणारं देशातलं पहिलं राज्य म्हणजे आपला महाराष्ट्र. राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली नाही म्हणून त्याचा कायदा झाला नाही, पण माणसं पकडून नेण्याचे प्रकार झालेच. आपल्या आजोबांच्या पिढीने ते पाहिलं. मग "पोलिओच्या थेंबांनी मुलं वांझ होतात" ही अफवा का चालली, याचं आश्चर्य नको.

आणि २०११ मध्ये ओसामा बिन लादेनचा शोध घेण्यासाठी अमेरिकेच्या सीआयएने अबोटाबादमध्ये लसीकरणाची खोटी मोहीम चालवली. लस कुठली होती माहितीये? हिपॅटायटिस बी. जी सुई मी तुम्हाला चोवीस तासांत घ्या म्हणतोय, तीच. त्यानंतर पाकिस्तानात थेंब पाजणाऱ्या बायकांना गोळ्या घातल्या गेल्या. २०१४ साली अमेरिकेने सांगितलं की यापुढे हेरगिरीसाठी लसीकरण वापरणार नाही. किती मुलं लुळी झाल्यावर!

तर शंका खोट्या नाहीत. पण शंका तपासून पाहायची असते. नसबंदीची अफवा तपासायला प्रयोगशाळा लागत नाही. देशभर पल्स पोलिओ १९९५ साली सुरू झाला. तेव्हा थेंब प्यायलेली पोरं आज तिशीची आहेत. मघाशी सांगितलेले रात्रीचे फोन कोण करतं? तीच पोरं. "भाईजान, बाळ झालं" म्हणून. याच्यापेक्षा मोठी चाचणी मी माझ्या कारकिर्दीत पाहिलेली नाही.

या अफवेची किंमतही कुणीतरी भरली. २००२ मध्ये देशात पोलिओचे सुमारे १६०० रुग्ण सापडले, बहुतेक उत्तर प्रदेशातले. त्यात मुसलमान मुलांचं प्रमाण आपल्या लोकसंख्येतल्या वाट्यापेक्षा कितीतरी जास्त होतं. नंतर अलीगढ विद्यापीठ आणि जामिया मिल्लिया या कामात उतरले, मशिदींतून घोषणा झाल्या, मोहल्ल्यातल्याच बायका घरोघरी गेल्या. देशातला शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ ला हावड्यात आढळला, आणि २७ मार्च २०१४ ला भारत पोलिओमुक्त जाहीर झाला. यात आपल्या मौलानांचा वाटा आहे, तो आपण स्वतःच सांगत नाही, हे मला खटकतं.

आणि जिथे लसीकरण मागे पडलं तिथे काय होतं, तेही लांब शोधायला नको. ऑक्टोबर २०२२ च्या अखेरीस गोवंडीच्या रफी नगरात लहान मुलं गोवराने दगावली. कोविडच्या काळात डोस चुकले होते, भाड्याची खोली बदलली की नोंद तुटत होती, आणि काही घरांत नकारही होता. आजारी मुलांना कस्तुरबामध्ये नेलं. कस्तुरबा म्हणजे तेच जुनं ऑर्थर रोडचं इस्पितळ. तेव्हाही पालिकेला शेवटी मशिदीत जाऊन मदत मागावी लागली. गोवर आणि देवी हे दोन वेगळे आजार आहेत हे ग्रंथात मांडणारा अर-राझी आपला, हे आपण अभिमानाने सांगतो. त्याच्या नावाची पोस्ट फॉरवर्ड करणाऱ्या घरात गोवराची लस चुकलेली असू नये एवढंच.

आता हलाल-हरामचा प्रश्न, कारण रात्रीच्या फोनवर दुसरं वाक्य तेच असतं. काही लसींमध्ये टिकाव धरण्यासाठी जिलेटिन वापरतात, ही गोष्ट खरी. कावीळ बीची लस मात्र यीस्टमध्ये तयार होते. विषाणूच्या वरच्या कवचाचं एक प्रथिन तेवढं घेतलेलं असतं, आख्खा विषाणू त्यात नसतोच. जिलेटिनबद्दल १९९५ साली कुवेतमध्ये इस्लामी वैद्यकशास्त्र संघटनेच्या परिषदेत उलेमा आणि डॉक्टर एकत्र बसले, आणि मूळ पदार्थ पूर्ण बदलून गेला की त्याचा हुकूमही बदलतो, असं मत त्यांनी दिलं. तुमच्या मौलानांना जरूर विचारा, पण सातव्या महिन्यात विचारा, बाळंतपणाच्या रात्री नको. आणि घरातले आजोबा हजला निघाले की मेनिंजायटिसची लस निमूट घेतात, कारण त्याशिवाय सौदीचा व्हिसा नाही. तेव्हा कुणी विचारत नाही, "आत काय आहे?" नातवाच्या वेळीच बरं सगळं आठवतं!

कुणी म्हणतं, जे नशिबात असेल ते होईल. हजरत उमर शामच्या वाटेवर होते, पुढे साथ आहे कळल्यावर परत फिरले. अबू उबैदांनी विचारलं, अल्लाहच्या तकदीरीपासून पळताय का? उमरांच्या उत्तराचा आशय असा, की एका तकदीरीकडून दुसरीकडे जातोय, आणि दोन्ही त्याच्याच. हा प्रसंग आपल्यापैकी बहुतेकांनी खुतब्यात ऐकलाय.

निर्णय कोण घेतं, यावरही बोलायला हवं. खाटेवर नऊ महिने वागवून दमलेली बाई पडलेली असते. तिला कुणी विचारत नाही. बाप सासऱ्याला फोन करतो, सासरा मामूंना, मामू व्हॉट्सअॅपवर आलेला व्हिडिओ पाठवतात. आई म्हणाली "देऊन टाका", तरी "थांब, मोठ्यांना विचारू दे." अहो, तिच्याच रक्ताचा प्रश्न आहे! गरोदरपणात कावीळ बीची तपासणी होते, तिचा कागद तिच्याच फायलीत असतो. तो अहवाल बाधित असेल तर बाळाला लसीबरोबर इम्युनोग्लोब्युलिन नावाची आणखी एक सुई देतात, आणि तिलाही तेच घड्याळ आहे. म्हणून नवऱ्यांनो, ती फाइल आधी वाचा, आणि तिच्यासोबत बसून वाचा.

थोडं कामाचं सांगतो. सिस्टरला प्रश्न विचारायला लाजू नका. लसीची बाटली दाखवा म्हणा. सरकारी लसीच्या लेबलवर एक छोटं वर्तुळ असतं, त्यात चौकोन. बाटलीला उष्णता लागत गेली की आतला चौकोन गडद होत जातो, आणि तो परत फिका होत नाही. चौकोन बाहेरच्या वर्तुळापेक्षा फिका असेपर्यंत लस चांगली, सारखा किंवा गडद झाला की फेकायची. कारखान्यापासून वॉर्डापर्यंत या बाटलीला किती ऊन लागलं, याचा हिशेब एका ठिपक्यात! पोलिओच्या लसीवर हा ठिपका १९९६ पासून आहे. ना बॅटरी, ना सर्व्हर. मी इंजिनिअर आहे, मला त्याचं फार कौतुक वाटतं.

बीसीजीची बाटली एकदा कालवली की चार तासांत संपवावी लागते आणि तीत बऱ्याच बाळांचे डोस असतात. त्यामुळे काही इस्पितळांत "चार बाळं जमू द्या" किंवा "अमुक दिवशी या" असं सांगतात. ती टाळाटाळ नसते. ते बाळ घेऊन नक्की जा. या लसीने मोठेपणीचा फुप्फुसाचा टीबी फारसा थांबत नाही, पण तान्ह्या बाळाला मेंदूच्या टीबीपासून ती वाचवते. टोचल्यावर काही आठवड्यांनी डाव्या दंडावर फोड येईल, फुटेल, खपली धरेल. त्यावर तेल, हळद, राख काही लावू नका, तो अपेक्षित आहे. काखेत गाठ मोठी झाली तर डॉक्टरांना दाखवा. बाळ फार कमी वजनाचं किंवा आजारी असेल तर कुठली लस कधी द्यायची हे डॉक्टर ठरवतील, तेही विचारून घ्या.

माता-बाल संरक्षण कार्ड मिळेल, त्याचा त्याच दिवशी फोटो काढून दोघांच्या फोनमध्ये ठेवा. नायगावच्या बीडीडी चाळींतून पुनर्विकासात माणसं इकडेतिकडे गेली, सामान हलवताना पहिला गहाळ होतो तो असला कागद. पुढचे डोस सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना, मग नऊ महिने पूर्ण झाल्यावर गोवर-रुबेला. पालिकेच्या दवाखान्यात सगळं मोफत.

सातव्या दिवशी अकीका असतो, पाहुणे येतात, बाळ या हातातून त्या हातात जातं. तोवर चोवीस तासांची मुदत कधीच संपलेली असते. ज्यांच्या घरी पुढच्या दोन-तीन महिन्यांत पाळणा हलणार आहे, त्यांनी चहानंतर थांबा. फाइल सोबत आणली असेल तर तो तपासणीचा कागद कुठला, ते मी दाखवतो.